सेकंदाला तीस वेळा

ज्या ताऱ्यावर मी आयुष्याची सहा वर्षं घातली, तो मी स्वतःच्या डोळ्यांनी कधी पाहिलेला नाही. हे सांगितलं की लोकांचे चेहरे पडतात. नात्यातल्या एका काकूंनी तर लग्नाच्या पंगतीत सरळच विचारलं होतं, "मग तू दिवसभर करतेस तरी काय गं?" मी म्हटलं, घड्या घालते. त्यांना वाटलं मी त्यांची टर उडवतेय, आणि त्यांनी पान संपेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. खरं तर इतकं प्रामाणिक उत्तर मी माझ्या सरांनाही कधी दिलेलं नाही.

तो तारा म्हणजे एक पल्सार. फुटून गेलेल्या मोठ्या ताऱ्याचा उरलेला गाभा, जेमतेम एखाद्या शहराएवढा, आणि सेकंदाला जवळपास तीस वेळा स्वतःभोवती फिरणारा. त्याच्या उजेडाचा झोत आपल्याकडे वळला की तो उजळतो, पुढे गेला की मंदावतो. डोळ्याला यातलं काहीही कळत नाही. मोठ्या दुर्बिणीतूनही दिसतो तो एक फिकट, शहाणासुरता ठिपका. म्हणून दुर्बिणीच्या मागे असं उपकरण लावतात की जे आलेला प्रत्येक प्रकाशकण टिपतं आणि तो नेमका कुठल्या क्षणी आला ते नोंदवतं. निरीक्षणं डोंगरावर दुसरेच लोक करतात. माझ्याकडे येते ती नुसती वेळांची यादी, एकाखाली एक, कितीही खाली गेलं तरी न संपणारी.

त्या यादीच्या घड्या घालायच्या. ताऱ्याच्या पहिल्या फेऱ्यावर दुसरा फेरा ठेवायचा, त्यावर तिसरा, साडीची घडी घालताना काठावर काठ यावा तसा. फेऱ्याची लांबी केसभर चुकली तर काठ सरकत जातो आणि सगळा उजेड पसरून सपाट रेघ तयार होते. शिवाय तारा रोज कणाकणाने मंदावत असतो आणि आपली पृथ्वीही जागची हलत असते, त्यामुळे प्रत्येक वेळ दुरुस्त करून घ्यावी लागते. हे सगळं जमून आलं की मात्र त्या सपाट रेघेतून दोन शिखरं वर येतात. एक उंच आणि अरुंद, दुसरं बुटकं आणि पसरट. त्यांच्यानंतर लांबलचक मंद भाग, पुढच्या फेऱ्यापर्यंत.

पहिल्यांदा ती शिखरं उभी राहिली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. इतकं भयंकर वेगाने फिरणारं काहीतरी माझ्या पडद्यावर गप्प थांबलं होतं, आणि ते मी थांबवलं होतं. त्यानंतर अर्धा तास मी काहीच काम केलं नाही, नुसती बघत बसले.

माझा प्रबंध शिखरांवर नव्हता, त्या मंद भागावर होता. तिथे तारा पूर्ण विझतो की थोडा उजेड उरतो, एवढाच प्रश्न. ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण त्यावर भांडणं होतात. कारण हा तारा एका उजळ तेजोमेघाच्या मधोमध बसलाय आणि त्या मेघाचा उजेड सगळ्या फेऱ्यात सारखाच मिसळलेला असतो. तो काढून टाकायचा तर किती काढायचा? पुष्कळ जण सोपी वाट धरतात. आलेखातला सगळ्यात खालचा भाग म्हणजे शून्य असं धरतात, तेवढा सगळीकडून वजा करतात आणि उरलेल्याला ताऱ्याचा उजेड म्हणतात. सर म्हणायचे, "अहो, तळ शून्य धरायचा आणि पुढे जायचं. सगळे तेच करतात." मी म्हणायचे, "सर, विझलाय असं आधीच धरलं तर विझतो का हे कसं शोधणार?" यावर सर चष्मा काढून पुसायला घ्यायचे. मी हट्टी आहे, हे त्यांनी मला घेतलं तेव्हाच त्यांना दिसायला हवं होतं.

आई गेली आणि मी पुण्याची खोली सोडून बदलापूरला बाबांकडे राहायला आले. काम लॅपटॉपवरच चालायचं, मग ते कुठेही करता येत होतं. बाबा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सचे फोरमन होते. माझं लहानपण अंबरनाथ पूर्वेला गेलं, आणि निवृत्तीनंतर दोघांनी बदलापूरला हा फ्लॅट घेतला. बाबा फार कमी बोलतात. आई असताना ते कळायचं नाही, कारण ती दोघांच्या वाटचं बोलायची.

बाबांच्या काही सवयी मात्र आमच्या सगळ्या नातेवाइकांत प्रसिद्ध होत्या. घरातला पंखा पुसायचा असला की आधी फ्यूज निघायचा. नुसतं बटण बंद करून भागायचं नाही. काढलेला फ्यूज बाबा शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि खिशावर हात धरून स्टुलाशेजारी उभे राहायचे. मिक्सर लागला की स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणायचे, "चालू आहे." थोड्या वेळाने परत, "चालू आहे." आई वैतागायची, "अहो, कळलं. मी बहिरी नाही आणि आंधळीही नाही." पाहुण्यांची हसून मुरकुंडी वळायची. मी शाळेत मैत्रिणींपुढे त्यांची हुबेहूब नक्कल करून दाखवायचे. ते आठवलं की आता अंगावर काटा येतो.

एप्रिलमधली दुपार होती आणि वीज गेली होती, बदलापुरात जाते तशी, न सांगता. टीव्ही बंद पडला म्हणून बाबा माझ्या टेबलाजवळ येऊन बसले. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. मी ताऱ्याच्या फेऱ्याचे वीस तुकडे केले होते आणि प्रत्येक तुकड्याचं वेगळं चित्र बनवलं होतं. ती चित्रं एकामागून एक, अगदी सावकाश फिरवून बघत होते. ठिपका मोठा व्हायचा, बारीक व्हायचा, पुन्हा थोडा मोठा व्हायचा, मग कितीतरी चित्रं दिसेनासा. म्हणजे अगदीच दिसेनासा नाही. नीट बघितलं तर तिथे एक पुसट डाग राहायचा.

"आरपीएम किती?" बाबांनी विचारलं.

"कशाचे?"

"हे जे फिरतंय त्याचे."

"सेकंदाला तीस वेळा. जवळपास."

"म्हणजे अठराशे." त्यांना विचार करावा लागला नाही. "आमचा तीन नंबरचा ब्लोअर त्याच्याच आसपास होता."

"बघा, म्हणजे तुम्हीही पल्सारच सांभाळत होतात," मी म्हटलं. बाबा हसले नाहीत.

"मग हे तू थांबवलंस कसं?"

"थांबवलं नाही, बाबा. फिरतोच आहे तो. प्रत्येक फेऱ्यातला तोच तोच तुकडा उचलायचा, मग थांबल्यासारखा दिसतो. पूर्वी तर दुर्बिणीसमोर खाचा पाडलेली चकती फिरवायचे. चकतीचा वेग ताऱ्याशी जुळला की तारा..."

"स्ट्रोब," बाबा म्हणाले.

मला आनंद झाला. सहा वर्षांत घरातल्या कोणालाही माझं काम समजलेलं नव्हतं, आणि बाबांनी एका शब्दात ते सांगून टाकलं होतं. मी उत्साहाने पुढे बोलत सुटले. मग लक्षात आलं की ते ऐकत नाहीयेत. पडद्यावर तारा थांबलेला होता आणि बाबा त्याच्याकडे बघत पुटपुटत होते, "चालू आहे. चालू आहे." हात शर्टाच्या खिशावर होता. खिशात काही नव्हतं. त्या वेळी मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली.

वीज येईपर्यंत बाबांनी मला जे सांगितलं, ते त्यांनी आईलाही कधी सांगितलेलं नव्हतं.

कारखान्यात त्यांच्याकडे एक स्ट्रोबचा दिवा होता. फिरणाऱ्या पुलीवर खडूने रेघ मारायची, तिच्यावर हा लुकलुकणारा दिवा धरायचा आणि त्याचा वेग गोल खुंटी फिरवून कमीजास्त करायचा. दोन्ही वेग जुळले की रेघ जागच्या जागी थांबते, आणि मशीन नेमकी किती वेगाने फिरतेय ते खुंटीवरच्या आकड्यावरून कळतं. धोका एकच. रेघेबरोबर पुलीही थांबलेली दिसते. म्हणून त्यांच्या खात्यात पद्धत होती की ज्याने दिवा धरलाय त्याने तो विझेपर्यंत सारखं मोठ्याने "चालू आहे, चालू आहे" असं ओरडत राहायचं. आजूबाजूला सगळ्याच मशीनची घरघर असायची, त्यामुळे अमुक एक चालू आहे की बंद, हे कानाला कळायचं नाही. ओरडणाऱ्यावरच सगळं अवलंबून.

मी चौथीत होते त्या वर्षीची गोष्ट. तीन नंबरच्या ब्लोअरची, म्हणजे हवा फेकणाऱ्या मोठ्या पंख्याची, जाळी काढून बाबा पुलीवर दिवा धरून बसले होते. कोपरा अंधारा होता. रेघ हळूहळू सरकत होती, मग आणखी हळू, आणि मग थांबली.

"पूर्ण थांबली," बाबा म्हणाले. "कधी कधी थोडी थरथरते. त्या दिवशी अजिबात नाही. बरं वाटायचं गं ती थांबली की. मी बघत बसलो."

बघत बसले आणि ओरडायचं राहिलं. तेवढ्यात पॅकिंगमधला एक कामगार तिथून चालला होता. मुरबाडकडचा, कंत्राटावर नवीन लागलेला, स्ट्रोब कशाशी खातात ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याला पुलीशेजारी सुतळीचा तुकडा लोंबताना दिसला. फोरमन समोर बसलाय, मशीन बंद आहे, तर आपण काढून द्यावा, असं वाटून त्याने हात घातला. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

"कापडात हात गुंडाळलेला होता त्याचा," बाबा म्हणाले, "आणि तो एकच वाक्य बोलत होता. मशीन बंद होती. मग माझ्याकडे बघून म्हणाला, साहेब, तुम्ही सांगा ना, बंद होती ना?"

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, चालू होती."

चौकशीचा कागद आला त्यावरही बाबांनी तेच लिहिलं. मशीन चालू होती. सही केली. दिव्याबद्दल कोणी विचारलं नाही आणि बाबांनी सांगितलं नाही. चालू मशीनमध्ये शुद्धीवरचा माणूस हात कशाला घालेल, असा तर्क वरच्या लोकांनी केला आणि तो पिऊन आला असावा असं ठरवलं. त्याचं काम गेलं. जाताना तो गेटवर, चहाच्या टपरीवर, भेटेल त्याला सांगत होता की मशीन बंद होती. लोक हसायचे. पिणारे असंच बोलतात, म्हणायचे.

मी बाबांवर ओरडले. आई जाऊन वर्ष झालं नव्हतं, त्यांचं वय झालेलं होतं, आणि तरी मी असं ओरडले की समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. तुम्ही सांगितलं का नाही? पंचवीस वर्षं तुम्ही मिक्सरला सांगत बसलात, त्या माणसाला का नाही सांगितलं? बाबा म्हणाले, "मी खोटं काही लिहिलं नाही." ते खरंच होतं. कागदावर एकही अक्षर खोटं नव्हतं, फक्त एक दिवा त्यातून वजा केलेला होता. आणि मला हे म्हणायचा काय अधिकार होता? आदल्याच आठवड्यात सरांच्या आग्रहाला कंटाळून मी तळ शून्य धरलेला आलेख त्यांना पाठवून दिला होता. तो पुसट डाग त्यात दिसत नव्हता.

त्यानंतर माझं कामात लक्ष लागेना. चित्रं उघडली की मला तारा दिसायचा नाही, पुली दिसायची. ठिपका थांबला की माझाच हात मागे यायचा. स्वयंपाकघरात, जिन्यात, कुठेही एक आवाज कानात येत राहायचा. तो माणूस मी कधी बघितलेला नव्हता, त्याचा आवाज मला माहीत नव्हता, तरी यायचा. साहेब, तुम्ही सांगा ना.

"त्याला जाऊन सांगूया," मी बाबांना म्हटलं.

"आता काय उपयोग? बोटं परत येणारेत का?"

"बोटांचं नाही म्हणत मी. त्याने खरं पाहिलं होतं, एवढं त्याला सांगायचं."

"तो विसरलाही असेल," बाबा म्हणाले.

मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. भांडी आपटली, चहा समोर ठेवून निघून गेले, आईला शोभणार नाही असं वागले. नवव्या दिवशी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. "शहाडला कारखान्यातल्या जुन्या माणसाला फोन केला होता," ते म्हणाले. "पत्ता मिळालाय. उल्हासनगर, कॅम्प तीन."

शेअर रिक्षातून उतरून आम्ही बाजारातून आत शिरलो. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंना जीन्स शिवणारी वर्कशॉप्स, दारादारांत गठ्ठे. ज्याला विचारावं तो हिंदीत आणखी आतली गल्ली दाखवायचा. शेवटी तळमजल्यावरची एक खोली सापडली. आत शिवलेल्या जीन्सचा ढीग होता आणि एक बाई मशीनवर कमरपट्ट्याचे लूप शिवत होती. बोटं कापडाच्या रंगाने निळी झालेली. आम्ही कोण ते बाबांनी सांगितलं नाही, जुनी ओळख आहे एवढंच म्हणाले. बाई म्हणाली, "बसा. बंडल टाकाया गेलेत. येतील आता."

तो आला. साठीचा, काटक. दारातच थांबला. बाई मशीन सोडून उठली, त्याच्यापाशी गेली आणि स्वतःचं तोंड त्याच्या तोंडाजवळ नेलं. त्यानेही तोंड किंचित उघडलं. क्षणभर, मग ती वळून कामाला बसली. मला वाटलं, काहीतरी हळूच सांगितलं असेल.

"साहेब," तो म्हणाला. त्याने बाबांना लगेच ओळखलं होतं. आमच्यासमोर बसला, सवयीने एक जीन्स ओढून उजव्या तळव्याखाली दाबली आणि डाव्या हाताने धागे कापायला लागला. माझ्याकडे बघून हसत म्हणाला, "वास घेती ती. घरात पाय ठेवला का आधी वास. हात गेला तवापास्नंची सवय हाय."

बाबा बोलायला लागले. मध्येच एकदा थांबून पाणी प्यायले. मग सगळं सांगितलं, दिवा, रेघ, ओरडायचं राहिलं ते. हाताखालच्या माणसांना नेहमी अरे-तुरे करणारे बाबा त्याला "तुम्ही" म्हणत होते. "मशीन चालू होती. पण माझ्या दिव्यामुळे ती बंद दिसत होती. कोणालाही बंदच दिसली असती. तुम्ही खरं बोलत होतात. मला माहीत होतं."

त्याची कात्री थांबली होती. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि द्याव्यात असं मला मनापासून वाटत होतं.

"परत सांगा," तो म्हणाला. मग बायकोकडे वळला. "ती मशीन बंद कर. आयक."

बाबांनी परत सांगितलं. पहिल्यापासून.

"म्हंजे बंद दिसत व्हती."

"हो."

"मी पिलेलो नव्हतो."

"नाही. अजिबात नाही."

त्याने तळव्याखालची जीन्स बाजूला सारली. "साहेब, मी कबूल केलं व्हतं," तो म्हणाला. "हिच्याकडं. एवढी मानसं बोलतात तं खरंच आसंल, मलाच वाटाया लागलं व्हतं. आपल्या डोल्यानी बगितलेलं खोटं, तं मंग पिलोच आसंल. पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं हिला, हां, पिलो व्हतो, आता नाय पिनार."

बाबांनी हात जोडले. त्याने ते बघितलं की नाही मला कळलं नाही.

बाई अजून मशीनसमोरच बसली होती, सुईखाली अर्धा शिवलेला लूप तसाच. ती ना बाबांकडे बघत होती, ना नवऱ्याकडे.

"मंग इतकी वर्सं," तिने विचारलं, "मी रोज काय हुंगत व्हते?"